गुहेची दोन तिकिटं

"मॅडम आहेत का घरी, सर?" फोनवरच्या मुलानं विचारलं.

फिटर पंपघराच्या खिडकीशी उभा होता. एका कानाला फोन, दुसऱ्या कानावर तळवा. मागं पंप चालू होते आणि त्यांच्या आवाजात माणसाला स्वतःचंच बोलणं नीट ऐकू येत नसे.

"नाही. घरी नाही."

"मग कधी येतील?"

फिटरनं खिडकीच्या गजावरची धूळ बोटानं पुसली. "ते काही सांगता येत नाही," तो म्हणाला.

"असं आहे सर, बुकिंग मॅडमच्या नावावर आहे. गुहेची दोन तिकिटं, आतल्या तळ्यावरच्या होडीसकट. ज्यांनी बुकिंग केलं, रद्दही त्यांनीच करायचं. त्यांच्याच नंबरवरून, त्यांनी स्वतः बोलून. काय होतं सर, नवरा-बायकोचं भांडण होतं आणि एक जण रागारागात दुसऱ्याची सहल रद्द करून टाकतो. मग आमच्या नावानं शंख. म्हणून हा नियम केलाय."

"बरोबर आहे," फिटर म्हणाला.

मुलगा जरा गडबडला असावा. असं सांगितलं की लोक आवाज चढवतात, वरच्या साहेबाला बोलवा म्हणतात, बघून घेऊ म्हणतात. 'बरोबर आहे' म्हणणारं गिऱ्हाईक त्याला नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच भेटलं असेल.

"आणि समजा," फिटरनं विचारलं, "ती बोलूच शकत नसेल तर?"

"म्हणजे आजारी वगैरे? मग कागदपत्रं पाठवावी लागतील, सर. ती तपासायला पंधरा दिवस तरी जातात. आणि तुमची रद्द करायची मुदत तर उद्या संध्याकाळी संपतेय. त्यानंतर एक पैसा परत मिळणार नाही. त्यापेक्षा मॅडम आल्या की त्यांना तेवढा एक फोन करायला सांगा ना."

"सांगतो," फिटर म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.

वळून पाहतो तर रेडिओ समोर उभा. रेडिओ म्हणजे पंपघराचा ऑपरेटर. खरं नाव पगारपत्रकात असेल. तोंड एकदा सुरू झालं की बटण सापडत नाही म्हणून सगळे रेडिओ म्हणत. पंपांच्या गोंगाटात दुसऱ्याचं बोलणं टिपण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सांगतो म्हणालास," रेडिओ म्हणाला. "कुणाला सांगणार आहेस?"

फिटरनं फोन खिशात टाकला.

"अरे, सरळ सांगायचं ना त्याला. बाबा रे, बायको वारली माझी, दोन महिने झाले. कुठली गुहा आणि कुठली होडी. दिले असते की त्यानं पैसे, माणूसच आहे तोही. आणि नाही दिले तर सोडून दे. काही घरदार बुडत नाहीये त्यात."

"तिनं सांगितलंय परत घ्यायला."

"बरं. मग भांड त्याच्याशी."

"भांडू काय? ज्याचं कुलूप त्यानं काढायचं. आपल्याकडं काय वेगळं आहे?"

यावर रेडिओचं तोंड मिटलं. असं फार क्वचित होई. तो गेज बघायला म्हणून पलीकडं गेला आणि पाळी संपेपर्यंत तिकडंच काहीबाही पुसत राहिला.

कुलपाची गोष्ट अशी होती. पंपघराखाली विहीर आहे, चांगली खोल, तिच्यातलं पाणी उपसून सगळ्या शहराला जातं. पंपाचं काही काम निघालं की फिटरला लोखंडी शिडीनं खाली उतरावं लागतं. तो खाली असताना वर कुणी चुकून पंप सुरू केला तर संपलंच. म्हणून उतरण्याआधी त्यानं त्या पंपाच्या स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात टाकून खाली जायचं. वर आला की कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो साहेब का असेना. कुणी कुलूप काढायला विसरून घरी गेला तर त्याला जेवणाच्या ताटावरून उठवून आणायचं, पण कुलूप त्याच्याच हातानं निघालं पाहिजे.

आणि तो येऊच शकत नसला तर? त्यालाही रीत होती, ती फिटरच्या उस्तादानं घालून दिलेली. विहिरीच्या तोंडाशी जायचं, खाली वाकायचं, आणि त्या माणसाला नाव घेऊन हाक मारायची. आवाज घुमतो, तो विरेपर्यंत थांबायचं. मग पुन्हा हाक. कुणी ओ देत नाही, कुणी खाली नाही, याची मनाशी खात्री झाली की मगच कटर लावायचा. उस्ताद हे उगाच सांगत नव्हता. त्याचं स्वतःचं कुलूप एकदा कुणीतरी हाक न मारता तोडलं होतं, तेव्हा तो खाली होता. त्यात त्याचा उजवा हात गेला. पुढं डाव्या हातानं त्यानं फिटरला सगळं काम शिकवलं, आणि सगळ्यात आधी शिकवलं ते हे.

फिटरनं आयुष्यभर तो नियम असा पाळला की लोक वैतागत. एकदा साहेबाच्या हुकुमावरून कुणी हाक न मारता कुलूप तोडलं, तेव्हा फिटरनं पंपघर डोक्यावर घेतलं होतं. एरवी तोंडातून शब्द न निघणारा माणूस, पण त्या दिवशी साहेबही ऑफिसातून बाहेर आला नाही. तेव्हापासून फिटरच्या कुलपाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

हेच पुढं अंगाशी आलं. बायकोला दवाखान्यात हलवलंय असा लेकीचा फोन आला तेव्हा फिटर विहिरीत होता, काम उरकतच आलं होतं. रेडिओनं वरून ओरडून सांगितलं. फिटर शिडी चढून आला, हात धुतले न धुतले आणि तसाच धावला. कुलूप राहिलं दोन नंबरच्या पंपाला आणि किल्ली राहिली त्याच्या खिशात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसराही एक पंप बसला आणि वरच्या वस्तीचं पाणी तुटलं. रेडिओनं कटर हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला, आणि शेवटी फिटरला फोन केला.

फिटर तेव्हा तिच्या खाटेशी बसला होता. तिला बरं वाटत होतं, निदान दिसत तरी तसं होतं. तिनं विचारलं, "काय म्हणतात?"

"काही नाही. कुलूप राहिलंय माझं."

"मग जा की. काढून या. लोक खोळंबले असतील पाण्यावाचून." आणि तो उठला तसं म्हणाली, "अहो, आणि ते गुहेच्या तिकिटांचे पैसे तेवढे परत घ्या हं. आधी कळवलं तर देतात म्हणे. बुडवू नका."

"पैसे कशाला? जाऊ की आपण. तोवर बरी होशील."

ती नुसती हसली. हे 'जाऊ की आपण' तिनं संसारात इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यावर हसण्याखेरीज काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

तो गेला, कुलूप काढलं, पंप सुरू केला. तिथूनच परत फिरला असता तर कदाचित वेळेवर पोचला असता. पण नव्यानं सुरू केलेल्या पंपाकडं पाठ फिरवायची नाही, दाब स्थिर होईपर्यंत थांबायचं, ही सवय. मग बेअरिंगचा आवाज जरा निराळा वाटला. म्हणून त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक बेअरिंगला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि ऐकत बसला. बेअरिंग ठीक होतं. निघताना त्यानं तिच्या मोबाईलवर फोन लावला, तो कुणी उचलला नाही. दवाखान्यात पोचला तेव्हा लेक जिन्यात उभी होती आणि तिचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

कुणी त्याला बोल लावला नाही. रेडिओनं तर आपण फोन केला हे इतकं मनाला लावून घेतलं की तोच महिनाभर फिटरची नजर चुकवत होता. फिटरला वाटे, कुणीतरी बोल लावला असता तर बरं झालं असतं.

तिचा मोबाईल त्यानं बंद केला नव्हता. स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, चार्जरला लावून ठेवला होता. लेकीनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "असू दे. कुणाचा आला फोन तर." येतही असत. कपड्यांच्या दुकानवाल्याचा आला, अल्टरेशनच्या पँटी तयार आहेत का म्हणून. ती दुकानांसाठी पँटी आखूड करणं, कमरा मोठ्या करणं असली कामं घेई, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे माणसांची पोटं सुटतात तोवर तिला मरण नव्हतं.

बाकी येत ते गुहेचे संदेश. 'तुमची सहल जवळ आली आहे. गुहा तुमची वाट पाहत आहे.' पुढच्या आठवड्यात, 'आतमध्ये गारवा असतो. उबदार कपडे विसरू नका.' आणि परवा, 'तुम्हा दोघांसाठी होडीत जागा राखून ठेवली आहे.' प्रत्येक संदेशात आधी तिचं नाव. पहिला आला तेव्हा फिटरनं मोबाईल उलटा करून ठेवला होता. पुढंपुढं तो संध्याकाळी आल्याआल्या फळीशी जाऊन बघू लागला. तिच्या नावानं, तिला उद्देशून, अजून कुणीतरी बोलत होतं. तिच्या असण्याची खात्री असलेलं जगात तेवढं एकच ठिकाण उरलं होतं. पैसे परत मागायचे म्हणजे तेही बंद करायचं. इथं घोडं अडलं होतं, आणि म्हणून मुदत उद्यावर आली होती.

ही तिकिटं तिनं स्वतःच्या कमाईतून काढली होती. तोवरच्या सगळ्या सहली फिटरनं बुडवलेल्या. लेक लहान असताना समुद्रावर जायचं ठरलं, तर पाइप फुटला. पुढं डोंगरावरच्या पाळण्यात बसायला जायचं होतं, तर मोटर जळली. एकदा तर डबे भरून, कुलूप लावून तिघं दारात उभे होते आणि पंपघरातून निरोप आला. ती कधी आदळआपट करायची नाही. शेजारपाजारचं कुणी विचारलं की सांगायची, "यांचं काम निघालं हो ऐन वेळी." आणि भरलेले डबे घरातच उघडून वाढायची.

या खेपेला मात्र तिनं त्याला विचारलंच नाही. मोबाईलवर तिकिटं काढून मोकळी झाली आणि मग पंपघरात फोन केला. "ऐका. जमिनीखाली तळं आहे म्हणे, दिव्यांच्या उजेडात होडीतून फिरवतात. दोघांची तिकिटं काढलीत, पैसे भरून. आता बघू कुठला पंप आडवा येतो. आणि तुम्हाला काय, तुम्ही तसेही जन्मभर विहिरीतच. बरं, ठेवते." म्हणाली आणि ठेवलाही. तिचं हे नेहमीचंच. 'ठेवते' म्हणेपर्यंत फोन बंद झालेला असे, आणि याचं 'ठेव' तोंडातल्या तोंडात राहून जाई.

त्या संध्याकाळी फिटर घरी आला, फळीवरचा मोबाईल बघितला. नवा संदेश नव्हता. चहा करून तो मागच्या खोलीच्या दाराशी गेला. आत तिचं शिवणयंत्र होतं, त्यावर अर्धवट राहिलेली पँट तशीच, सुई कापडात. यंत्राखाली एक पिशवी. पिशवीत दोन स्वेटर, एक तिचा, एक त्याचा, घड्या करून. गुहेत गारवा असतो हे तिला कुठूनतरी आधीच कळलं होतं.

या खोलीतून त्याला अधूनमधून यंत्राचा आवाज येई. पायडलची टकटक, मध्येच थांबणारी, पुन्हा सुरू होणारी. पंपात आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानात काही ना काही वाजतच असतं, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं कानाच्या डॉक्टरकडं धाडलं असतं. पण मागच्या आठवड्यात त्यानं एक गोष्ट केली होती, जी तो लेकीलासुद्धा सांगणार नव्हता. लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक यंत्राच्या लोखंडाला टेकवलं आणि मूठ कानाशी धरून बसला. बराच वेळ बसला. यंत्र गार होतं आणि त्यातून कसलाही आवाज येत नव्हता. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आज त्यानं चहा संपवला आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. दुपारी गोटी आली. गोटी म्हणजे त्याची लेक. लहानपणी गोलमटोल होती म्हणून आईनं हे नाव ठेवलं, आता चांगली उंच, सडसडीत, प्रयोगशाळेत नोकरी करणारी बाई झाली तरी घरात गोटीच. आल्याआल्या तिनं ओटा पुसला, फ्रिजमधलं आंबलेलं काही फेकून दिलं, आणि बापाला आज जेवलात का हे दोनदा विचारलं.

"झालं का तिकिटांचं?" तिनं विचारलं. "आज शेवटचा दिवस ना?"

फिटरनं काल झालेलं बोलणं सांगितलं. सगळं सांगितलं, 'घरी नाही' म्हणालो हेही.

गोटी त्याच्याकडं बघत राहिली. "बाबा, तुम्ही त्यांना सांगितलंत की आई आली की फोन करेल?"

"मी कुठं म्हणालो? तो म्हणाला, सांगा. मी म्हणालो, सांगतो."

"मग?"

"मग काय. नियम आहे त्यांचा."

"खड्ड्यात गेला नियम," गोटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं ओटा पुसायच्या फडक्यानंच पुसले. "तुमचं हे कुलूप-किल्लीचं पुराण पुरे झालं हं बाबा. त्या कुलपापायी..." इथं ती थांबली.

"बोल," फिटर म्हणाला. "त्या कुलपापायी मी नव्हतो तिथं. बोल की."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मला माहितेय. पण आहे ते आहे."

मग गोटीनं फळीवरून आईचा मोबाईल काढला. चार्जरची वायर आखूड होती, म्हणून तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी बोलते आई म्हणून," ती म्हणाली. "तिनं सांगितलं होतं ना पैसे परत घ्या म्हणून? तिचे कष्टाचे आहेत, त्या लोकांच्या घशात का घालायचे? तुम्ही हो नाही, काही म्हणू नका. तुम्हाला खोटं बोलायला नको, मी बोलते."

फिटर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो उठून खिडकीशी गेला आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धुवत होतं, नळी तशीच वाहत होती. एरवी त्यानं खिडकीतून ओरडून पाणी बंद करायला लावलं असतं.

गोटीनं स्पीकर लावला. आज फोनवर मुलगी होती. तिनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. गोटी सांगत गेली. पहिली दोन वाक्यं गोटीचीच होती, जरा घाईची, चाचरती.

"आपणच बोलताय ना, मॅडम?"

"हो हो, मीच बोलतेय. दुसरं कोण बोलणार?"

हा आवाज तिच्या आईचा होता. हे गोटीनं केलेलं नव्हतं, निदान ठरवून केलेलं नव्हतं. आई-लेकींचे आवाज सारखे आहेत असं सगळे म्हणत. फोनवर तर पंपघरातल्या लोकांची नेहमी फसगत व्हायची. पण तेव्हा दोघी होत्या, म्हणून कोणती कोणती ते ओळखायची गरज पडे. आता त्याच्या मागं, ओट्याला टेकून, ती उभी होती. त्यानं वळून बघितलं नाही. वळलो तर गोटी दिसेल, हे त्याला कळत होतं.

"काय झालं मॅडम, सहल का रद्द करताय? नोंदीसाठी विचारते फक्त."

तब्येत बरी नाही असं सांगायचं गोटीनं ठरवलं होतं. नंतर तिनं स्वतःच तसं कबूल केलं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. लहानपणापासून भरलेल्या डब्यांशेजारी उभं राहून ऐकलेलं.

"यांचं काम निघालं हो ऐन वेळी."

त्यात तक्रार नव्हती. असलीच तर थोडी थट्टा होती. फिटरनं खिडकीचा गज धरला.

"हो का," फोनवरची मुलगी म्हणाली. "आमच्याकडं पण हेच. एवढं बुकिंगमध्ये काम करते, पण स्वतः कुठं म्हणून गेलेली नाही. बरं मॅडम, एक सुचवू का? रद्द कशाला करताय? तारीख बदलून देते ना. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या, केव्हाची पण घ्या. जागा दोघांची तशीच राहील, आणि सगळे निरोप तुम्हाला याच नंबरवर येत राहतील. जास्तीचे पैसे नाहीत."

गोटीनं बापाकडं बघितलं असणार, कारण तिचा आवाज बदलून पुन्हा तिचा झाला. हलकेच म्हणाली, "बाबा?"

दोघांची जागा तशीच राहील. गुहा वाट बघत राहील. पुढच्या महिन्यात पुन्हा उबदार कपड्यांचा निरोप येईल, तिच्या नावानं. मग मुदत संपायच्या आत पुन्हा तारीख बदलायची, आणि मग पुन्हा. फिटरला हे हवं होतं. इतकं हवं होतं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. स्विचला कुलूप तसंच ठेवून आयुष्यभर घरी बसण्यातला हा प्रकार होता, आणि असा प्रकार दुसऱ्या कुणी केला असता तर त्याला त्यानं सोडलं नसतं.

"तिला म्हणावं, जरा थांब," तो म्हणाला. "मी आलोच."

"एक मिनिट हं," गोटी फोनवर म्हणाली. "विचारून सांगते."

फिटर मागच्या खोलीशी गेला आणि त्यानं दार उघडलं. यंत्र, पँट, पिशवी. दुपारचं ऊन खाली फरशीवर पडलं होतं. तो आत गेला नाही. उंबऱ्यावर दोन्ही पाय जोडून उभा राहिला, विहिरीच्या कडेला उभं राहतात तसा, आणि जरासा पुढं वाकला.

"अगं," त्यानं हाक मारली. "अगं, ऐकलंस का?"

जन्मभर त्यानं तिला अशीच हाक मारली होती आणि जन्मभर ती कुठूनही ओ देत आली होती. तो थांबला. नुसता थांबला नाही, कान देऊन थांबला. खाली रस्त्यावर कुणीतरी नळी बंद केली, तेही त्याला ऐकू आलं.

पण रीत नावाची होती. अगं म्हणून भागणार नव्हतं. उस्तादानं बजावलेलं होतं, नाव घेऊन हाक मारायची, म्हणजे खाली जो कोण असेल त्याला कळतं की आपल्यालाच बोलावताहेत. त्यानं तिचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट, लग्नानंतर पहिल्यांदाच. ते नाव त्याच्या तोंडाला इतकं नवं होतं की त्याला स्वतःलाच परक्यासारखं वाटलं.

"तिकिटवाल्यांचा निरोप आहे," तो म्हणाला. "तुला फोन करायला सांगितलाय."

नाव त्या लहानशा खोलीत घुमलं नाही. तरी ते विरायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ तो थांबला. शिवणयंत्राची टकटक आली नाही. कानातलंसुद्धा काही वाजत नव्हतं. ती तिथं नव्हती. घरात कुठंच नव्हती. इतके दिवस हे त्याला माहीत होतं, खात्री आत्ता झाली.

त्यानं दार लावलं नाही. स्वयंपाकघरात आला तेव्हा गोटी मोबाईल छातीशी धरून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तारीख नको," फिटर म्हणाला. "रद्द करायला सांग. कुणी नाहीये."

गोटीनं मान हलवली. तिनं नाक पुसलं, घसा साफ केला, आणि मोबाईल तोंडाशी धरला. फिटर पुन्हा खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

"नको, तारीख नको," ती म्हणाली, आणि तो आवाज परत आला, स्वच्छ, न डगमगता. "रद्दच करा."

"ठीक आहे मॅडम. केलं. पैसे ज्या खात्यातून आले होते त्याच खात्यात जमा होतील. दुसऱ्या कुणाच्या नावावर आम्हाला देता येत नाहीत."

"चालेल. माझेच आहेत ते."

"आणखी काही मदत, मॅडम?"

"नाही हो. काही नाही."

फोनवरची मुलगी आभार मानून, पुन्हा केव्हातरी नक्की या म्हणाली.

"बघू," ती म्हणाली. "यांना सवड झाली की. बरं, ठेवते."

म्हणाली, पण या वेळी लगेच ठेवला नाही. घर अगदी शांत होतं. ती थांबली होती.

"ठेव," फिटर म्हणाला.